कान्हेरीच्या दात्यांची गावं

भाची नागपूरहून नोकरीसाठी मुंबईत आली, त्याला आता दोन वर्षं होतील. अंधेरीत ऑफिस आणि मुक्काम दहिसरला आमच्याकडे. पहिल्या महिन्यातच गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, जुहू चौपाटी असं सगळं तिनं मैत्रिणींबरोबर पाहून घेतलं. एका शनिवारी रात्री जेवताना म्हणाली, ‘‘मामा, मुंबई तर संपली. आता रविवारी काय पाहायचं?’’

मुंबई संपली, हे वाक्य मी याआधीही बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. त्याला तोंडी उत्तर देण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तिला घेऊन बोरिवलीला उतरलो आणि राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी कान्हेरीच्या बसच्या रांगेत उभा राहिलो.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पाऊस नुकताच सरला होता आणि रान अजून ओलं होतं. फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल आहे, त्यात बिबटे राहतात, विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत आणि त्यांचं पाणी अजूनही मुंबई पिते. भाची खिडकीतून बाहेर बघत गप्प बसली होती. फाटकाबाहेरचा गोंगाट दहा मिनिटांत इतका मागे पडतो की तिथं पहिल्यांदा येणारं माणूस असंच गप्प होतं.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी. काळ्या दगडाचा डोंगर. त्यात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराला इथं खोदकामाला सुरुवात झाली आणि पुढं जवळजवळ हजार वर्षं ही जागा नांदती होती. लोक तिसऱ्या लेण्यातला चैत्य पाहतात, व्हरांड्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती पाहतात, फोटो काढतात आणि परततात. मला मात्र कुणालाही पहिल्यांदा वर न्यायला आवडतं. दगडात कोरलेल्या पायऱ्या चढत, एकेका विहाराच्या ओट्यावर टेकत, पाणी बघत वर जायचं.

कान्हेरीचं खरं वैभव पाण्यात आहे. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या अंगणात, एका कडेला, दगडात खोदलेलं टाकं असतं. वरच्या उतारावर बोटभर-वीतभर खोलीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत. पावसाचं पाणी त्यांतून वळत वळत टाक्यात येतं. भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी राहावं असा नेम होता. त्याच महिन्यांत डोंगरावर कोसळणारं पाणी त्यांनी वर्षभरासाठी धरून ठेवलं. लेण्यांमधून वाहणाऱ्या ओढ्यावर बांधाचे अवशेषही आहेत. भाची एका टाक्याशी वाकली, ओंजळ बुडवली आणि म्हणाली, ‘‘मामा, इतक्या उंचावर हे पाणी कुठून येऊन राहिलं?’’ मी तिला वरच्या पन्हळी दाखवल्या. ती एका पन्हळीवर बोट ठेवून तिच्या उगमापर्यंत चढून गेली.

टाक्याच्या वरच्या भिंतीवर ब्राह्मीत एक-दोन ओळी दिसतात. त्या काळच्या प्राकृतात टाक्याला ‘पोढी’ म्हणत आणि या लेखांमध्ये तो शब्द पुन्हा पुन्हा येतो. अमक्याची पोढी, तमक्याची पोढी. कान्हेरीच्या लेखांवर डॉ. शोभना गोखले यांनी फार मोलाचं काम केलं. त्यांचं पुस्तक डेक्कन कॉलेजनं 1991 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांतून आणि त्याआधीच्या अभ्यासकांच्या वाचनांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. हा डोंगर कुणा एका राजानं खोदवलेला नाही. कल्याणच्या एका सोनारानं इथं पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहारानं चालायची वाट करून दिली. सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्यानं पोढी दिली. चेमूलच्या, म्हणजे आपल्या चौलच्या, एका हेरणिकाच्या मुलानं पोढी दिली. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचे व्यवहार पाहणारा.

‘‘म्हणजे आपण ज्या वाटेनं आलो ती एका लोहाराची असेल?’’

‘‘नेमकी कोणती ते सांगता येणार नाही. पण त्यानं वाट दिली, हे लिहून ठेवलंय.’’

त्या लोहाराबद्दल मला फार आदर वाटतो. ऐपत असलेल्यांनी लेणी दिली, मूर्ती दिल्या. यानं लोकांच्या पायांचा विचार केला. दोन हजारांच्या आसपास वर्षं झाली असतील, लोक अजून वर चढत आहेत.

निघता निघता नव्वदाव्या लेण्यात डोकावलो. तिथं पहलवी लिपीतले लेख आहेत. 1009 आणि 1021 मध्ये काही पारशी मंडळी कान्हेरी पाहायला आली आणि आपली नावं कोरून गेली. तोवर लेण्यांचा भराचा काळ ओसरला होता. म्हणजे ही मंडळी अगदी आपल्यासारखी, बघायला आलेली. कान्हेरीच्या सहलीची परंपरा हजार वर्षांची आहे, याचा तो पुरावा. आज कुणी तिथं नाव कोरलं तर मला संताप येतो आणि येतच राहील. त्या जुन्या नावांनी आपल्याला काहीतरी दिलं, आजची नावं फक्त खरवडून नेतात.

परतीच्या बसमध्ये भाचीनं मोबाइलमध्ये तीन नावं टिपून घेतली. कल्याण, सोपारा, चौल. ‘‘मामा, या लोकांच्या गावी जाऊ या ना.’’ पुढच्या सहा महिन्यांचे आमचे रविवार त्या एका वाक्यानं ठरले.

नकाशा उघडून पाहिला तर या गावांची जुळणी लगेच कळते. कान्हेरीच्या उत्तरेला वसईच्या खाडीपलीकडं सोपारा. पूर्वेला उल्हास नदीच्या खाडीवर कल्याण. दक्षिणेला समुद्रकाठानं चौल. तिन्ही बंदरं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या खलाशांच्या माहितीपुस्तकात ही तिन्ही नावं जवळजवळ येतात. या तीन बंदरांच्या मधोमध कान्हेरीचा डोंगर आहे. मुंबईची बेटं तेव्हा मच्छीमारांची वस्ती होती. आज मुंबई मध्यभागी आणि ही गावं तिच्या कडेला, असं आपल्याला वाटतं. तेव्हा मोठी गावं ती होती.

कल्याणला आपण सगळेच जातो, पण उतरत कुणी नाही. कसारा-कर्जतचे फाटे तिथं फुटतात, गाड्या बदलायच्या असतात, पूल चढायचा असतो. आम्ही उतरलो आणि दुर्गाडीला गेलो. खाडीच्या काठावरची ही टेकडी. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण घेतलं आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीच्या आश्रयानं झाली. वर देवीचं देऊळ आहे, नवरात्रात तिथं पाय ठेवायला जागा नसते. तटावरून खाली पाहिलं की काळसर पाणी, वाळूच्या बोटी आणि पुलांवरून धावणारी वाहनं दिसतात. ‘पेरिप्लस’मध्ये लिहिलं आहे की पूर्वी कल्याण हे परदेशी मालाचं राजमान्य बंदर होतं, पण पुढं सत्ता बदलली आणि चुकून इकडं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. राजकारणानं बंदर कसं बसतं याचं इतकं जुनं आणि इतकं नेमकं वर्णन क्वचितच वाचायला मिळतं. तरी कल्याण पुरतं बसलं नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशानं इथून तांबं आणि कापड परदेशी जात असल्याची नोंद केली आहे. आमच्या लोहाराच्या गावातून तांबं जात होतं, हे वाचून भाची खूश झाली.

दुपारी अंबरनाथ गाठलं. स्टेशनापासून रिक्षानं थोड्या अंतरावर शिलाहारांचं शिवमंदिर आहे. शिलालेखात शके 982 म्हणजे इसवी सन 1060 हे वर्ष आहे, मुम्मुणी राजाचं नाव आहे. बाहेरच्या भिंतीवर बोट ठेवायला मोकळी जागा नाही इतकं कोरीव काम. मला ते मंदिर त्याच्या गाभाऱ्यासाठी आवडतं. सभामंडपातून वीसएक पायऱ्या खाली उतरायचं, जमिनीच्या पोटात शिवलिंग आणि मान वर केली की उघडं आकाश. शिखर पुरं नाही, त्यामुळं उजेड थेट वरून पिंडीवर उतरतो. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजत होते आणि ओल्या दगडावर उन्हाचा एक चौकोन पडला होता. मंदिराला लागून वालधुनी वाहते. तिचं पाणी पाहवत नाही आणि वासानं उभं राहवत नाही. नऊशे-साडेनऊशे वर्षं ज्या नदीकाठी हे देऊळ उभं आहे, ती नदी आपल्या एका पिढीनं नासवली. मंदिराची स्तुती करून नदीबद्दल न बोलता परत येणं मला बरोबर वाटत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही सोपाऱ्याला निघालो. हा दिवस मी मुद्दाम थंडीसाठी राखून ठेवला होता. दहिसरहून विरार लोकल. रविवार असूनही गाडी भरलेली, पण भाईंदर सुटलं आणि दारातल्या माणसांनी थोडी जागा दिली. खाडीच्या पुलावर गाडी आली की डब्यातलं बोलणं क्षणभर थांबतं. कुणी हात जोडतं, कुणी निर्माल्याची पिशवी पाण्यात टाकतं. मधे पाणजू बेट, पलीकडं मिठागरांचे चौकोन. सोपाऱ्याचा तो व्यापारी कान्हेरीला येताना हीच खाडी ओलांडत असणार, असं मी म्हटलं. शेजारी बसलेल्या बाईंनी कुतूहलानं विचारलं, ‘‘कोण व्यापारी?’’ त्या तीस वर्षं नालासोपाऱ्यात राहत होत्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या नालासोपाऱ्यातला? आम्हाला तर सगळे पाणी नसलेलं गाव म्हणूनच ओळखतात.’’

स्टेशनाच्या पश्चिमेला दाट वस्ती ओलांडून रिक्षा जुन्या सोपारा गावाकडं वळते. घरं कौलारू होतात, आवारात केळी दिसू लागतात. रिक्षावाल्याला ‘स्तूप’ म्हटलं की कळतं. जुनी माणसं त्या जागेला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. झाडीनं वेढलेला विटांचा एक बसका उंचवटा, एवढंच डोळ्यांना दिसतं. सांची पाहिलेल्या माणसाची इथं निराशा होण्याचा संभव आहे. पण आम्ही पोचलो तेव्हा पांढऱ्या साड्या नेसलेल्या पाच-सहा बाया मेणबत्त्या लावून वंदना म्हणत होत्या. त्यांतल्या वयस्क बाईंनी भाचीला हाक मारली, ‘‘ताई, चपला खाली काढून ये हं वर.’’ तिनं काढल्या. मीही काढल्या. थंडगार विटांवर पाय ठेवला आणि त्या उंचवट्याकडं बघण्याची माझी नजर बदलली. याआधी मी तिथं पाच वेळा गेलो होतो. तेव्हा तो माझ्यासाठी अभ्यासाचा विषय होता. त्या दिवशी ती कुणाच्या तरी भक्तीची जागा आहे, हे पायांना कळलं.

1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा खणला. मधोमध दगडी पेटी सापडली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती कोंडाळं करून बसलेल्या आठ कांस्यमूर्ती, सात पूर्वबुद्ध आणि आठवा येणारा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत काय असावं? मातीच्या पात्राचे छोटे छोटे तुकडे. भगवानलालांचं मत असं होतं की ते बुद्धाचं भिक्षापात्र मानून श्रद्धेनं जपलेलं होतं. सोनं, स्फटिक, चांदी, तांबं यांच्या पोटात जपलेली माती. मी हे त्या बायांना सांगत होतो. त्यांना ते सगळं ठाऊक होतं. ‘‘आमच्या पोरांना पाठ आहे हे,’’ वयस्क बाई म्हणाल्या.

हा करंडक आणि मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. त्याच उत्खननात गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं निघालं. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, त्या मोठ्या चैत्याच्या लेखात, याच राजाचं नाव आहे. नाणं इथं, नाव तिथं, मधे फक्त खाडी.

पण सोपाऱ्याची मला सर्वांत जवळची वाटणारी वस्तू वेगळीच आहे. भगवानलालांना त्याच वर्षी भाटेळा तळ्याजवळ एक दगडाचा तुकडा मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा काही भाग होता. पुढं 1956 मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा भाग सापडला. अशोकाचे चौदा शिलालेख ठिकठिकाणी एकसारख्या मजकुरानं कोरलेले होते, त्यामुळं तुकड्यावरूनही पूर्ण मजकूर कळतो. या आठव्या लेखाचा विषय आहे प्रवास. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार आणि तशाच करमणुकी करत, असं त्यात म्हटलं आहे. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत काय करायचं, तेही सांगितलं आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं आणि दान द्यायचं. म्हाताऱ्या माणसांना भेटायचं आणि त्यांच्या निर्वाहाची सोय करायची. गावोगावच्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धर्माबद्दल बोलायचं. अशा यात्रेतला आनंद वेगळा आणि अधिक, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर, लोकलच्या मार्गावर, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सहलीच्या दोन जाती सांगून ठेवल्या आहेत. मला हे फार मोठं वाटतं. पावसाळ्यात खंडाळ्या-लोणावळ्याच्या वाटेवर शनिवार-रविवारी जी झुंबड उडते, धबधब्याखाली ज्या बाटल्या फुटतात, ती विहारयात्रा. ती करणाऱ्यांना मजा येत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या लेखातली एक गोष्ट मला सारखी आठवते. भेटायच्या यादीत देवळं आणि राजवाडे नाहीत, माणसं आहेत. म्हातारी माणसं, गावातली माणसं.

भगवानलाल मूळचे जुनागढचे, जन्म 1839 चा. जुनागढच्या वेशीवर, गिरनारच्या वाटेवर, अशोकाचे चौदाही लेख एका प्रचंड खडकावर कोरलेले आहेत. ते अक्षर बघत हा मुलगा मोठा झाला. मूळच्या गोव्यातल्या मांद्र्याच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्याला हेरून मुंबईला आणलं आणि कामाला लावलं. आपल्या गावच्या खडकावरचा मजकूर त्याला सोपाऱ्याच्या तळ्याकाठी पुन्हा भेटला, तेव्हा त्याच्या मनाचं काय झालं असेल! पुढं सहाच वर्षांनी, 1888 मध्ये, ते वारले.

पुढच्या आठवड्यात आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन सोपाऱ्याचा अशोकलेख पाहिला. भाची काचेसमोर उभी राहून हवेत बोटानं अक्षरं गिरवत होती. गावात वस्तू नाहीत आणि संग्रहालयात गाव नाही. म्हणून दोन्हीकडं जायला हवं. एकट्या जागेवर जाऊन भागत नाही.

सोपाऱ्याच्या त्याच दिवशी आम्ही चक्रेश्वर तळ्याकाठी ब्रह्मदेवाची उभी मूर्ती पाहिली आणि तीन वाजता वसईच्या किल्ल्यात पोचलो. वाटेत केळीच्या बागा आणि फुलांचे वाफे लागतात. दिवस उन्हाचा होता, सुकेळी घेतली. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात, ती ही सुकेळी. मधासारखी गोड, चिवट, खिशात ठेवून दिवसभर पुरणारी. वसईला जाऊन ती न खाता परतणं म्हणजे निम्मी वसई मागं ठेवणं.

किल्ल्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी थोडक्यात सांगतो. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांकडं आली. त्यांनी दोनशे वर्षं तिथं एक अख्खं शहर वसवलं. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ते जिंकलं. वसईच्या मोहिमेत मराठ्यांची इतकी माणसं पडली की त्या विजयाचा आनंदसुद्धा जड वाटतो. आज तिथं छतं नसलेली चर्चं आहेत, जमिनीत पोर्तुगीज अक्षरांची थडगी आहेत, भिंतींतून वडा-पिंपळाची मुळं उतरली आहेत. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा आहे, तिच्यावर 1721 हे वर्ष आणि क्रूस आहे. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. कुठल्याही देवळात तशी घंटा दिसली की वसईचं ते रिकामं घंटाघर आठवावं. भाची एका कमानीखाली बसून राहिली. बंदर दरवाज्याच्या बाहेर कोळ्यांच्या होड्या लागल्या होत्या आणि जाळी वाळत पडली होती.

चौलला फेब्रुवारीत गेलो. गेटवेवरून मांडव्याची बोट, तासाभराचा प्रवास, मागून येणारे कुरव पक्षी, मग बसनं अलिबाग आणि तिथून रेवदंड्याची एसटी. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. चौल आणि रेवदंडा ही जुळी गावं. रस्ता थेट किल्ल्याच्या दरवाज्यातून आत जातो. एसटी त्या कमानीतून सावकाश निघते तेव्हा आतले सगळे उतारू नकळत मान खाली करतात.

दात्याचं चेमूल म्हणजे हेच. अल मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकात इथं आला तेव्हा अरबी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती इथं नांदत होती. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथंच किनाऱ्याला लागला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. पुढं पोर्तुगीज आले, त्यांनी किल्ला बांधला. त्यांच्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे, गावकरी त्याला सातखणी म्हणतात. 1740 मध्ये तेही गेले. इतक्या जणांनी येऊन जाऊनही चौलची वाडी मात्र तशीच राहिली. वाडी म्हणजे नारळी-पोफळींचं बन, मधून जाणारी अरुंद सावलीची वाट, पाटाचं पाणी, विहिरीवर रहाटाच्या जुन्या खुणा. डोक्यावर इतकी दाट झावळी की भर दुपारी ऊन जमिनीला लागत नाही.

रामेश्वराच्या देवळासमोर मोठी पुष्करणी आहे. देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायचं, ही इथली जुनी श्रद्धा. पुष्करणीच्या पायरीवर एक आजोबा सुपारी कातरत बसले होते. त्यांनी आपणहून चौकशी केली.

‘‘कुठून आलात?’’

‘‘मुंबईहून. ही माझी भाची, नागपूरची.’’

‘‘नागपूरहून चौल बघायला?’’

भाचीनं त्यांना कान्हेरीच्या पोढीची गोष्ट सांगितली. चौलच्या माणसानं तिकडं डोंगरात पाण्याचं टाकं दिलं, त्यात अजून पाणी असतं, मी हात घातला होता. आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला. बराच वेळ पुष्करणीच्या पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘आमच्या माणसाला पाण्याची किंमत कळायचीच.’’ आणि आम्हाला घरी नेऊन शहाळी दिली. पैसे घेतले नाहीत. अशोकाच्या यादीत म्हाताऱ्या माणसांना भेटणं का आहे, ते त्या ओटीवर समजलं.

या सहा महिन्यांत आम्ही घारापुरीला आणि कार्ल्यालाही गेलो. घारापुरीची महेशमूर्ती कितीदा पाहिली तरी पुरत नाही. त्या बेटावरच्या तीन पाड्यांना समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती 2018 मध्ये. समोर अख्खी रात्र झगमगणारी मुंबई आणि इकडं स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं अंधार. लेणी पाहायला जाणाऱ्यानं पायऱ्यांवर दुकान मांडून बसलेल्या बाईकडून पाणी, कैरी, काकडी घ्यावी आणि दोन शब्द बोलावेत. कार्ल्याच्या चैत्यात छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांच्या आहेत. त्या लाकडाखाली उभं राहून वर बघताना माझा श्वास अजून दर वेळी अडकतो. दारातच एकवीरेचं देऊळ आहे, कोळी बांधव तिथं वाजतगाजत येतात. ज्यांना निवांत लेणं बघायचं असेल त्यांनी चैत्राची यात्रा सोडून आठवड्यातल्या मधल्या वारी जावं.

सहल कशी करावी हे विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. एका दिवसात एक गाव, फार तर दोन. तीन केलीत की एकही होत नाही. गाडी घरी ठेवा. लोकल, लाँच आणि एसटीत जी माणसं भेटतात ती गाडीच्या काचेआड भेटत नाहीत. रविवारी मेगाब्लॉक असतो, आदल्या रात्री वेळा पाहून ठेवा. कान्हेरी आणि घारापुरी सोमवारी बंद असतात. जेवणाचा डबा आणि पाणी घ्या आणि नेलेलं प्लॅस्टिक परत आणा. भिंतींना हात लावू नका.

पहिली सहल सोपाऱ्याची करा. नालासोपारा स्टेशन, पश्चिम बाजू, रिक्षावाल्याला स्तूप सांगायचं. वर चढताना चपला खाली काढा.